ठराव टिकायला हवा असेल तर: मासिक सभा आणि ग्रामसभा, नोटिशीपासून नकलेपर्यंत

तक्रार झाली, चौकशी लागली, की पंचायत समितीचे विस्तार अधिकारी ग्रामपंचायतीत येऊन तीन गोष्टी मागतात: नोटीस बुक, हजेरी आणि प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त. सभेत चर्चा किती चांगली झाली, गावाचं एकमत किती होतं, हे त्यांना कागदावरूनच कळणार असतं. आणि बहुतेक गावांत नेमका तिथेच घोळ असतो. काम गरजेचं, निधी आलेला, लोक राजी, आणि ठराव मात्र नोटिशीत एक दिवस कमी पडला म्हणून वादात.

मी बरीच वर्षं ग्रामसेवक म्हणून दफ्तर सांभाळलं. (२०२४ मध्ये या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात, म्हणून इथेही तेच वापरतो.) नव्याने निवडून आलेले सरपंच आणि सदस्य त्याच त्या चुका करताना दिसतात, म्हणून हा लेख. आधार आहे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ आणि त्याखालच्या १९५९ च्या सभा-नियमांचा. अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या गावांना पेसाचे, म्हणजे त्या भागातल्या ग्रामसभांसाठीच्या वेगळ्या कायद्याचे, २०१४ चे नियम लागू आहेत आणि तिथे पाड्या-वस्तीचीही स्वतंत्र ग्रामसभा असू शकते. ती पद्धत वेगळी असल्याने इथे घेतलेली नाही.

## सुरुवातीआधी: कोणता विषय कोणत्या सभेचा?

मासिक सभा ही निवडून आलेल्या सदस्यांची. ती महिन्यातून किमान एकदा व्हायलाच हवी. पुरेशा कारणाशिवाय सभा न बोलावणाऱ्या सरपंचावर अपात्रतेची कारवाई होऊ शकते. ग्रामसभा ही गावातल्या सगळ्या मतदारांची. ती आर्थिक वर्षात किमान चार वेळा घ्यायची. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा आता गावागावांत रूढ झाल्या आहेत.

दर महिन्याचा जमाखर्च, बिलं, नमुना ८ (घर-मिळकतींची कर आकारणी नोंदवही) मधल्या नोंदींचे अर्ज, कर्मचाऱ्यांचे प्रश्न हे मासिक सभेचं काम. गावाचा विकास आराखडा आणि योजनांच्या लाभार्थ्यांची निवड ग्रामसभेपुढे जायला हवी. घरकुलाची यादी मासिक सभेत सात-आठ जणांनी ठरवून टाकली आणि ग्रामसभेत फक्त वाचून दाखवली, असं झालं की ती यादी वादात सापडलीच म्हणून समजा.

## टप्पा १: विषयपत्रिका

सभेच्या किमान दहा दिवस आधी सरपंच आणि ग्रामसेवकांनी एकत्र बसावं. अजेंडा ग्रामसेवकाने एकट्याने, मागच्या महिन्याच्या अजेंड्यावर तारीख बदलून काढणं ही सवय फार पसरली आहे. त्यामुळे सदस्यांना खऱ्या विषयांचा पत्ताच नसतो.

मासिक सभेत काही विषय कायमचे आहेत, आणि ते याच क्रमाने ठेवावेत:

1. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं.
2. मागील महिन्याच्या जमाखर्चाला मंजुरी.
3. शासनाकडून आणि पंचायत समितीकडून आलेली पत्रं, परिपत्रकं.
4. ग्रामस्थांचे अर्ज.
5. घरपट्टी, पाणीपट्टी वसुलीचा आढावा.

यानंतर त्या महिन्याचे खास विषय.

खास विषय लिहिताना मोघमपणा सोडा. "रस्त्याबाबत चर्चा करणे" या विषयाखाली पाच लाखांचं काम मंजूर केलं, तर नोटीस वाचून घरी बसलेला सदस्य उद्या म्हणणार की मला वाटलं नुसती चर्चा आहे. त्याचं म्हणणं चूक नाही. त्याऐवजी असं लिहा: "मारुती मंदिर ते प्राथमिक शाळा या अंतर्गत रस्त्याच्या काँक्रीटीकरणाच्या अंदाजपत्रकास ग्रामनिधीतून मंजुरी देणे." काम कोणतं, कुठलं, आणि पैसा कुठला, या तीन गोष्टी विषयात आल्याच पाहिजेत.

जमाखर्चाची तयारी याच टप्प्यात करा, सभेच्या सकाळी नको. रोकडवही, म्हणजे नमुना ५, महिनाअखेरीस बंद करून शिल्लक बँकेच्या पासबुकाशी जुळवा. ती सहसा पहिल्या झटक्यात जुळत नाही, कारण नमुना १० च्या (कराच्या) पावत्यांची वसुली हातात आलेली असते पण शेवटचा भरणा बँकेत गेलेला नसतो, किंवा दिलेला एखादा धनादेश अजून वटलेला नसतो. ही तफावत लपवू नका. सुरुवातीची शिल्लक, शीर्षवार जमा, प्रमाणक (व्हाउचर) क्रमांकासह खर्च, अखेरची शिल्लक आणि खाली तफावतीचं कारण, असा एक कागद करून प्रत्येक सदस्याला द्या. ज्या गावांत हा कागद दर महिन्याला वाटला जातो तिथे "पैसे कुठे गेले" हा ओरडा बराच कमी होतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

त्याच कागदावर आणखी तीन ओळी घाला. स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करायचा असतो. दर महिन्याला आकडा डोळ्यांसमोर राहिला तर मार्चमध्ये घाईघाईत नको ते साहित्य खरेदी करायची वेळ येत नाही.

आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेसाठी वेगळी तयारी लागते. अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे तिच्यापुढे हिशेबाचं वार्षिक विवरण, मागच्या वर्षाचा प्रशासन अहवाल, या वर्षी घ्यायची विकासकामं, आणि शेवटची लेखापरीक्षण टिपणी तिच्या उत्तरांसह ठेवायची असते. पहिले तीन कागद ठेवले जातात. ऑडिटची टिपणी मात्र बहुतेक ठिकाणी कपाटातच राहते. ती गावापुढे ठेवणं बंधनकारक आहे.

तपासा: विषयपत्रिका बाहेरच्या माणसाला वाचायला द्या. प्रत्येक विषयावर नेमका कशाचा निर्णय होणार, हे त्याला सांगता आलं तर ती बरोबर झाली.

## टप्पा २: दिवस मोजणं आणि नोटीस बजावणं

सगळ्यात जास्त ठराव इथे अडकतात.

साधारण मासिक सभेला तीन पूर्ण दिवसांची नोटीस लागते, विशेष सभेला एका पूर्ण दिवसाची. नियमित ग्रामसभेला सात दिवस, विशेष ग्रामसभेला चार दिवस. "पूर्ण दिवस" मोजताना नोटीस मिळाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस, दोन्ही सोडायचे. ग्रामसभेलाही मी हेच माप लावतो, म्हणजे वादाला जागा राहत नाही.

मासिक सभा २५ तारखेला असेल तर २२, २३ आणि २४ हे तीन दिवस मोकळे हवेत. म्हणजे नोटीस २१ तारखेला सदस्याच्या हातात पडली पाहिजे. ती २१ ला तयार झाली, सही झाली आणि शिपायाने २२ ला नेऊन दिली, तर ती कमी पडली. जावक क्रमांकाची तारीख आणि पोहोच सहीची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चौकशीत दुसरी पाहिली जाते.

ग्रामसभेच्या चार रूढ तारखांचा हिशेब एकदाच करून कार्यालयाच्या भिंतीवर लावून टाका. २६ जानेवारीसाठी १८ जानेवारी, १ मे साठी २३ एप्रिल, १५ ऑगस्टसाठी ७ ऑगस्ट, २ ऑक्टोबरसाठी २४ सप्टेंबर. या दिवशी संध्याकाळपर्यंत नोटीस लागलेली हवी.

मासिक सभेची नोटीस प्रत्येक सदस्याला स्वतंत्र द्या आणि नोटीस बुकात सही, तारीख, शक्य तर वेळही घ्या. सदस्य घरी नसेल तर घरातल्या प्रौढ व्यक्तीची सही घेऊन तिचं नाव आणि नातं लिहा. सही द्यायला नकार दिला तर शिपायाने दोन साक्षीदारांसमोर नोटीस दारावर चिकटवावी आणि तिथेच छोटा पंचनामा करावा. व्हॉट्सॲप ग्रुपवर नोटीस टाका, जरूर टाका, पण ती आठवण म्हणून. पोहोच बुकातच हवी.

ग्रामसभेची नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून थांबू नका. चावडी, शाळा, समाजमंदिर, दूध डेअरी, एसटी थांबा, आणि प्रत्येक वाडी-वस्तीवर एक. लावल्यावर फोटो काढा. दवंडी आदल्या दिवशी आणि सभेच्या सकाळी द्या, आणि तिची नोंद तारीख-वेळेसह ठेवा. वस्त्या लांब असतील तर दवंडी तिथपर्यंत गेली का, हे सरपंचांनी स्वतः विचारावं. मुख्य गावठाणात दवंडी फिरते आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीला सभा झाल्यावर कळतं, ही तक्रार खरी असते.

सावध: नोटीस उशिरा गेल्याचं लक्षात आलं तर जुनी तारीख घालू नका. सभा पुढे ढकला. चार दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही. मागची तारीख घातलेली सही मात्र ग्रामसेवकाची नोकरी आणि सरपंचाचं पद दोन्ही धोक्यात घालते.

## टप्पा ३: महिला सभा आणि वॉर्ड सभा

नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची आहे, आणि सदस्यांनी आपापल्या वॉर्डातल्या मतदारांची सभाही. प्रत्यक्षात महिला सभा बहुधा कागदावरच उरकली जाते: अंगणवाडीत दहा-बारा सह्या गोळा करून.

तसं करू नका. सभा दुपारी, स्वयंपाक आणि शेतातली कामं सांभाळून बायकांना येता येईल अशा वेळी ठेवा. आशाताई, अंगणवाडीताई आणि बचत गटाच्या अध्यक्षांना आधी सांगा. नळाला पाणी किती वाजता येतं, स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा आहे का, हे विषय तिथेच नीट निघतात. महिला सभेचे ठराव वेगळे लिहा आणि ग्रामसभेत ते पहिल्या काही विषयांतच घ्या. शेवटी ठेवले की तोवर लोक उठून गेलेले असतात.

## टप्पा ४: हजेरी आणि कोरम

कोरम म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी. मासिक सभेचा कोरम एकूण सदस्यांच्या निम्मा. नऊ जणांच्या बॉडीत पाच. ग्रामसभेचा कोरम एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. ४०० मतदारांच्या गावात ६०. मतदार ६६७ च्या वर गेले की आकडा १०० वरच थांबतो.

टेबलावर मतदार यादी ठेवा. हजेरी वहीत नाव, यादीतला अनुक्रमांक आणि सही असे रकाने आखा. मुलं, पाहुणे, बाहेरगावी मतदान असलेले जावई यांच्या सह्या कोरममध्ये धरता येत नाहीत. वॉर्डवार दोन-तीन वेगळी पानं ठेवली तर गर्दी होत नाही.

सभा सुरू करण्याआधी शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारा, संख्या अंकात आणि अक्षरात लिहा, सरपंच आणि ग्रामसेवकांनी सही करा. नंतर आलेल्यांनी रेघेखाली सही करावी. एवढी एक रेघ किती भांडणं वाचवते! एका गावात मी बदलून गेलो तेव्हा आधीच्या हजेरी वहीत सह्यांच्या मध्ये मोकळ्या ओळी सोडलेल्या होत्या आणि त्यांतल्या काही वेगळ्या शाईत नंतर भरलेल्या. त्या सभेतला पाण्याच्या टाकीच्या जागेचा निर्णय गावाला नको होता असं नव्हतं, पण त्या शाईमुळे तो पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागला. उन्हाळा गेला, आणि त्या वर्षी बायकांनी विहिरीवरूनच पाणी आणलं.

कोरम झाला नाही, थोडी वाट पाहूनही झाला नाही, तर सभा तहकूब करा. तहकूब सभेची तारीख, वेळ आणि ठिकाण लोक उठण्याआधी जाहीर करा, लिहा आणि फलकावर लावा. तहकूब सभेला कोरमची अट नसते. पण त्या सभेत मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय घेता येतात, नवा एकही नाही.

सावध: वही घरोघरी फिरवून सह्या घेऊ नका, "नंतर येऊन सही करतो" हेही चालवू नका.

## टप्पा ५: सभा चालवणं

अध्यक्ष सरपंच, ते नसतील तर उपसरपंच. सरपंच बाई असतील तर खुर्चीवर त्याच बसतील आणि बोलतीलही त्याच. त्यांचे पती मतदार म्हणून ग्रामसभेत इतरांसारखे समोर बसू शकतात. मासिक सभेच्या टेबलावर त्यांचं काहीच काम नाही. ग्रामसेवकांनी हे पहिल्याच सभेत नम्रपणे पण स्पष्ट सांगावं. दुसऱ्या सभेपर्यंत थांबलात तर ती रीत पडून जाते.

एका वेळी एकच विषय. ग्रामसेवकांनी विषय वाचायचा, दोन मिनिटांत माहिती द्यायची, मग चर्चा. एकमत नसेल तर हात वर करून मतं घ्या आणि दोन्ही बाजूंचे आकडे मोठ्याने सांगा. मतं समसमान पडली तर अध्यक्षांचं निर्णायक मत.

ज्या विषयात एखाद्या सदस्याचा स्वतःचा आर्थिक संबंध आहे, त्यात त्याने चर्चेत आणि मतदानात भाग घ्यायचा नाही. भावाचा ट्रॅक्टर पाण्याच्या टँकरसाठी लावायचा असेल तर सदस्याने तसं सांगून बाजूला व्हावं, आणि ते इतिवृत्तात यावं.

आयत्या वेळचे विषय हा सगळ्यात मोठा सापळा आहे. "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" या एका ओळीखाली जमीन भाड्याने देणं, कर्मचारी नेमणं, मोठा खर्च मंजूर करणं असले प्रकार होतात. नोटिशीत नसलेला विषय लोकांना माहीत नव्हता, म्हणजे त्यावर त्यांची संमती नव्हती. या सदरात अभिनंदन, दुखवटा, आलेल्या पत्राची माहिती, तातडीची दुरुस्ती एवढंच घ्या. पैसा, जागा आणि माणूस नेमण्याचा विषय आला की पुढच्या सभेच्या अजेंड्यावर ढकला.

## टप्पा ६: प्रोसिडिंग लिहिणं

इतिवृत्त सभेतच लिहायचं. कच्च्या कागदावर टिपून आठवड्याने वहीत उतरवायची पद्धत बंद करा. आठ दिवसांत आठवण बदलते, आणि दबावही येतो.

वहीला सुरुवातीपासून पान क्रमांक असावेत. सुट्या पानांवर टाईप करून चिकटवणार असाल तर प्रत्येक पानावर सरपंच आणि ग्रामसेवकांच्या सह्या अर्ध्या पानावर, अर्ध्या वहीवर येतील अशा घ्या.

ठरावात काय हवं? नेहमी दिसणारा ठराव असा असतो:

"विषय क्र. ६: रस्त्याबाबत चर्चा झाली. सर्वानुमते मंजूर."

हा ठराव पाहून कुणीही धनादेश काढू नये. तोच असा हवा:

"ठराव क्र. ६: मारुती मंदिर ते प्राथमिक शाळा या अंतर्गत रस्त्याच्या काँक्रीटीकरणाचे अंदाजपत्रक सभेपुढे वाचण्यात आले. सदर काम ग्रामनिधीतून करण्यास व त्यासाठी अंदाजपत्रकीय रकमेस मंजुरी देण्यात येत आहे. (रक्कम अंकात व अक्षरात.) पुढील कार्यवाही ग्रामसेवक यांनी करावी. सूचक: … अनुमोदक: … बाजूने: ६, विरोधात: २, तटस्थ: १. ठराव बहुमताने मंजूर."

कुणी विरोध केला असेल तर त्याचं नाव आणि एका वाक्यात कारण लिहा. "सर्वानुमते" हा शब्द सवयीने लिहिला जातो. दोघे विरोधात असताना तो लिहिला, तर त्या दोघांच्या तक्रारीत सगळ्यात मोठा पुरावा तुमचंच प्रोसिडिंग ठरतं.

शेवटचा ठराव लिहून झाला की उरलेल्या पानावर तिरकी रेघ मारा आणि खाली सह्या करा. खाडाखोड झाली तर एक सरळ रेघ ओढून वर दुरुस्ती लिहा आणि बाजूला लघुसही. पांढरा रंग लावू नका. मग लोक बसलेले असतानाच सगळे ठराव मोठ्याने वाचा. दहा-पंधरा मिनिटं लागतात, लोक चुळबुळ करतात, तरी वाचा. हाताने काम केलेला गवंडी उठून म्हणतो, "अहो, रुंदी दहा फूट ठरली, आठ नाही," आणि ती चूक तिथेच निघते.

तपासा: प्रत्येक ठरावात सूचक, अनुमोदक, रक्कम, निधीचं नाव आणि जबाबदार व्यक्ती आहे का? ठराव क्रमांक सलग आहेत का?

## टप्पा ७: सभेनंतरचा आठवडा

ठरावांची नक्कल दोन-तीन दिवसांत पंचायत समितीकडे पाठवा आणि जावक नोंदवहीत क्रमांक घ्या. ज्यांच्या अर्जावर निर्णय झाला त्यांना लेखी कळवा, नामंजूर झाला असेल तर कारणासह. निर्णयांचा एक पानी गोषवारा फलकावर लावा. कुणी सत्यप्रत मागितली तर टाळाटाळ करू नका. माहिती अधिकारात ३० दिवसांत द्यावीच लागते, मग आजच देण्यात अडचण कसली?

एक साधी वही करा: ठराव क्रमांक, काय करायचं, कुणी, कधीपर्यंत, झालं का. पैसे काढताना सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांची सही लागते. दोघांनीही सही करण्याआधी या वहीतला ठराव क्रमांक प्रमाणकावर लिहिलेला आहे का, ते पाहावं.

निर्णय बदलायची वेळ आली तर जुन्या ठरावाला हात लावू नका. नव्या नोटिशीत नवा विषय घ्या आणि जुन्या ठरावाचा क्रमांक देऊन नवा ठराव करा.

पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना नुसतं "वाचून कायम" लिहू नका, खरोखर वाचा. कुणाची हरकत असेल तर ती त्या दिवशीच्या प्रोसिडिंगमध्ये नोंदवा. मागचं पान उघडून तिथे बदल करायचा नाही. आणि वाचून झाल्यावर लगेच अंमलबजावणीची वही उघडून गेल्या महिन्यातल्या प्रत्येक ठरावापुढे काय झालं, ते सरपंचांनी सभेला सांगावं.